डॉक्टर कॅप्टन

खेळ की अभ्यास, हा वाद आमच्या होस्टेलच्या कट्ट्यावर दर सेमिस्टरला रंगतो. मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय. आता कोणी विचारलं, की मी सरळ डॉ. तालिमेरेन आओ यांचं नाव सांगतो. बायचुंग सगळ्यांना माहीत असतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचा कॅप्टन मात्र फारसा कोणाला आठवत नाही!

आओंचा जन्म १९१८ चा, नागा टेकड्यांमधल्या चांगकी गावचा. बारा भावंडांमध्ये ते चौथे. वडील चर्चमध्ये रेव्हरंड होते. मिशनच्या मैदानावर चिंध्यांचा बॉल करून पोरं खेळायची, तिथंच त्यांचा पाय बसला. १९३५ साली टायफॉइडनं वडील गेले. मुलानं डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. आओंनी ती आयुष्यभर मनात धरली.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजमधून ते १९४२ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात (आताचं आर. जी. कर) दाखल झाले. पुढच्याच वर्षी मोहन बागानकडून खेळायला लागले. तोवर ते पुढच्या फळीत खेळायचे. क्लबनं त्यांना हाफ-बॅक केलं. सकाळी डिसेक्शन, संध्याकाळी मैदान! आपल्याला इथं प्रॅक्टिकल आणि जर्नल सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंगा हातात घेऊन भारतीय पथकाच्या पुढे चालण्याचा मान त्यांना मिळाला. ३१ जुलैला फ्रान्सशी मॅच झाली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी! रामननं गोल करून १-१ अशी बरोबरी साधली, पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सनं गोल मारला. आपण २-१ नं हरलो, तरी टाळ्या मिळवून आलो. बूट का नाहीत, असं विचारणाऱ्या पत्रकारांना आओंनी हसत सांगितलं म्हणे, की आम्ही फूटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल!

आर्सेनलनं त्यांना करार देऊ केला होता, असं सांगतात. आपल्यापैकी किती जण नाही म्हणाले असते? आओ मात्र परत आले, कारण एम.बी.बी.एस. अजून बाकी होतं. १९५० मध्ये ते डॉक्टर झाले. प्रवेशापासून डिग्रीपर्यंत आठ वर्षं लागली. इयर डाऊन झालेल्या आमच्या मित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग दिब्रुगडला कान-नाक-घसा विभागात काम केलं आणि १९५३ मध्ये ते कोहिमाच्या सरकारी हॉस्पिटलात रुजू झाले. १९६३ मध्ये नागालँड राज्य झालं, त्याच वर्षी ते आरोग्य खात्याचे संचालक झाले. १९७८ ला निवृत्ती, १९९८ ला निधन.

मला त्यांचं मोठेपण लंडनपेक्षा कोहिमात जास्त दिसतं. डोंगराळ भागात पंचवीस वर्षं सरकारी नोकरी करताना टाळ्या वाजवायला कोणी नसतं. खेळ त्यांनी मनापासून खेळला, पण वडिलांना दिलेला शब्द त्याच्यासाठी मोडला नाही. तेव्हा पुढच्या वेळी मॅच आणि सबमिशन एकाच आठवड्यात आलं, तर रडू नका. दोन्ही करा, वेळ लागला तरी चालेल!