विश्लेषण : कौटुंबिक सेडानला ‘व्ही-८’ची ताकद देणारे एड कोल कोण होते? शिसेविरहित पेट्रोलशी त्यांचा संबंध काय?

अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या साध्या सेडानमध्ये शर्यतीच्या मोटारीची ताकद भरणारे अभियंते म्हणून एडवर्ड निकोलस कोल ओळखले जातात. पुढे जनरल मोटर्सचे (जीएम) अध्यक्ष झाल्यावर मात्र याच कोल यांनी आपल्या कंपनीच्या सर्व इंजिनांची ताकद कमी करण्याचा निर्णय घेतला. असे का घडले, याचा हा आढावा.

एड कोल कोण होते?

कोल यांचा जन्म १७ सप्टेंबर १९०९ रोजी मिशिगन राज्यातील मार्न या छोट्या गावी शेतकरी कुटुंबात झाला. शाळकरी वयात ते घरीच रेडिओ संच जुळवून विकत. वकील व्हायचे म्हणून त्यांनी ग्रँड रॅपिड्समधील महाविद्यालयात प्रवेश घेतला; पण त्याच काळात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी करताना त्यांचा ओढा यंत्रांकडे वळला. १९३० मध्ये ते फ्लिंट येथील जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. काही काळ अभ्यास आणि काही काळ कारखान्यात काम, अशी तेथील पद्धत. कॅडिलॅक विभागात त्यांचे काम इतके पसंत पडले, की शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्यांना कायम नोकरी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ते रणगाड्यांच्या कामात होते. १९४६ मध्ये ते कॅडिलॅकचे मुख्य अभियंता झाले.

कॅडिलॅकमध्ये त्यांनी काय केले?

त्या वेळच्या बहुतेक अमेरिकी इंजिनांत झडपा सिलिंडरच्या बाजूला, म्हणजे ब्लॉकमध्येच असत. बनवायला सोपी आणि स्वस्त अशी ही रचना होती. पण त्यात इंधन व हवेचे मिश्रण फारसे दाबता येत नसे. मिश्रण जितके अधिक दाबले जाईल तितकी तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक ताकद मिळते. कोल आणि त्यांचे सहकारी हॅरी बार यांनी झडपा सिलिंडरच्या डोक्यावर असलेल्या नव्या व्ही-८ इंजिनावर काम केले. १९४९ मध्ये बाजारात आलेले ३३१ घन इंचांचे हे इंजिन आधीच्यापेक्षा लहान आणि हलके असूनही १६० अश्वशक्तीचे, म्हणजे अधिक ताकदीचे होते. पण कॅडिलॅक ही श्रीमंतांची गाडी होती. सामान्य कुटुंबापर्यंत ही ताकद पोहोचायला आणखी सहा वर्षे लागली.

‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन महत्त्वाचे का ठरले?

शेवरोले ही जीएमची सर्वाधिक खपाची, पण काहीशी मिळमिळीत गाडी. १९२९ पासून तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि स्पर्धक फोर्डकडे १९३२ पासूनच व्ही-८ होते. १९५२ मध्ये कोल शेवरोलेचे मुख्य अभियंता झाले आणि आधीपासून आराखड्यात असलेले व्ही-८ बाजूला ठेवून त्यांनी नव्याने सुरुवात केली.

१९५५ च्या मॉडेलमध्ये आलेले हे इंजिन २६५ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचे होते. ब्लॉकच्या ओतकामाच्या भिंती पातळ ठेवल्या होत्या. झडपा उघडणारे रॉकर आर्म जड ओतीव लोखंडाऐवजी पत्रा दाबून बनवले होते. वरच्या भागापर्यंत तेल नेण्यासाठी वेगळ्या नळ्या नव्हत्या; पोकळ पुशरॉडमधूनच ते वर जाई. प्रत्येक ठिकाणी वजन आणि खर्च वाचवल्यामुळे आठ सिलिंडरचे हे इंजिन शेवरोलेच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा हलके भरले. पहिल्या वर्षीच्या ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरची सोयच नव्हती. ती उणीव पुढच्या वर्षी दूर झाली.

‘ऑप्शन’चा खेळ काय होता?

अमेरिकेत त्या काळी गाडी तयार उचलण्यापेक्षा ‘ऑर्डर फॉर्म’ भरून मागवण्याची रीत होती. रंग, रेडिओ, गिअरबॉक्स यांच्याप्रमाणेच इंजिनही निवडता येई. १९५५ च्या शेवरोलेमध्ये सुमारे १०० डॉलर जादा मोजले की सहाऐवजी आठ सिलिंडरचे १६२ अश्वशक्तीचे इंजिन मिळे. ‘पॉवर पॅक’ घेतला, तर चार तोंडांचा कार्बोरेटर आणि दुहेरी एक्झॉस्टसह १८० अश्वशक्ती. म्हणजे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला एकसारख्या दोन सेडानपैकी एक बाजारहाटापुरती, तर दुसरी रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी असू शकत होती. त्या वर्षी शेवरोलेच्या सुमारे १७ लाख गाड्या तयार झाल्या.

१९५६ मध्ये कोल शेवरोलेचे प्रमुख झाले. १९५७ मध्ये इंजिन २८३ घन इंचांचे झाले आणि इंधन इंजेक्शनच्या पर्यायासह त्यातून २८३ अश्वशक्ती मिळू लागली; दर घन इंचाला एक अश्वशक्ती. हा पर्याय कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारबरोबरच बेल एअरसारख्या घरच्या गाड्यांनाही होता. मात्र त्यासाठी ५०० डॉलरच्या आसपास जादा मोजावे लागत असल्याने तो थोड्यांनीच घेतला. त्याच वर्षी अमेरिकी मोटार उत्पादकांनी शर्यतींना पाठबळ न देण्याचे आणि जाहिरातीत वेगाचा डंका न पिटण्याचे आपसात ठरवले. ताकदवान इंजिनांचे पर्याय मात्र ऑर्डर फॉर्मवर कायम राहिले. १९६१ मध्ये ४०९ घन इंचांचे इंजिन आले. १९६२ मध्ये ते बिस्केन या सर्वांत साध्या सेडानमध्येही ४०९ अश्वशक्तीसह मागवता येत होते.

कोल यांचे अपयश कोणते?

मागे इंजिन असलेली आणि हवेने थंड होणारी ‘कॉर्व्हेअर’ ही छोटी गाडी कोल यांचे स्वप्न होते. १९६० च्या मॉडेलमध्ये ती आली. मात्र मागच्या चाकांच्या रचनेमुळे वळणावर ती बेभरवशाची ठरू शकते, असे आक्षेप आले. गाडीचा झोल आवरणारा पुढचा स्टॅबिलायझर बार खर्चासाठी वगळला होता. तो १९६४ मध्ये सर्व कॉर्व्हेअरमध्ये आला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटार उद्योगावरील पुस्तकाचे पहिले प्रकरण याच गाडीवर लिहिले. कॉर्व्हेअरचे वर्तन त्या काळच्या तुलनात्मक गाड्यांपेक्षा वाईट नव्हते, असा निष्कर्ष सरकारी संस्थेने १९७२ मध्ये काढला. पण तोवर गाडी बंद झाली होती. कोल अध्यक्ष असताना आलेल्या ‘व्हेगा’चीही गंजणारा पत्रा आणि तापणारे ॲल्युमिनियम इंजिन यामुळे बदनामी झाली.

मग ताकद कमी का केली?

कोल १९६७ मध्ये जीएमचे अध्यक्ष झाले, तेव्हा लॉस एंजेलिससारखी शहरे धुरक्याने गुदमरत होती. एक्झॉस्टमधील विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा त्यावरचा मार्ग होता. अडचण शिशाची होती. अधिक दाबाच्या इंजिनात साधे पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके बसतात. ते टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई. त्याचा हा गुणधर्म १९२१ मध्ये जीएमच्याच प्रयोगशाळेत सापडला होता. हेच शिसे कन्व्हर्टरमधील प्लॅटिनमच्या थरावर बसून तो निकामी करते.

१९७० च्या जानेवारीत कोल यांनी अभियंत्यांच्या संघटनेसमोर पेट्रोलमधून शिसे काढण्याची बाजू जाहीरपणे मांडली. शिसे उत्पादक कंपन्यांचा आणि तेल उद्योगातील अनेकांचा त्याला विरोध होता. तरीही १९७१ च्या मॉडेलपासून जीएमच्या इंजिनांतील दाब कमी करण्यात आला, जेणेकरून ती शिसेविरहित पेट्रोलवर चालतील. म्हणजे ज्या तत्त्वावर कोल यांची कारकीर्द उभी राहिली, तेच त्यांनी मागे घेतले. १९७० च्या शेवरोले इम्पालाला ३९० अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन घेता येत होते; १९७५ मध्ये तिचे मूळ व्ही-८ इंजिन १४५ अश्वशक्तीचे होते. या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पहिला आकडा सर्वांत महागड्या पर्यायाचा आहे आणि १९७२ पासून मोजण्याची पद्धतही कडक झाली होती. तरी घसरण मोठी होती.

त्याचे परिणाम काय झाले?

१९७५ च्या मॉडेलपासून जीएमच्या अमेरिकेतील जवळपास सर्व मोटारींत कन्व्हर्टर आला. पेट्रोलमधील शिसे घटत गेले, तसतसे अमेरिकी नागरिकांच्या, विशेषतः मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाणही खाली आले. मुळात कन्व्हर्टर वाचवण्यासाठी उचललेले पाऊल सार्वजनिक आरोग्याच्याही कामी आले. भारतात मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आले. २००० मध्ये देशभरात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले.

कोल यांचा शेवट कसा झाला?

१९७४ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. नंतर टॅक्सी बनवणाऱ्या चेकर मोटर्सची सूत्रे त्यांनी हाती घेतली. २ मे १९७७ रोजी खराब हवामानात स्वतःचे दोन इंजिनांचे विमान चालवत असताना कलामझूजवळ ते कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या ‘स्मॉल ब्लॉक’चा वंश मात्र सुरूच राहिला. पुढे इंधन इंजेक्शन आणि संगणकीय नियंत्रण आल्यावर कन्व्हर्टर न काढताही गेलेली ताकद परत मिळाली. या घराण्यातील दहा कोटीवे इंजिन जीएमने २०११ मध्ये तयार केले.