मधमाशीचा हिशेब मांडणारे कुमारप्पा

दिग्रस : मोहोळ दिसलं की टेंभा पेटवायचा, माश्या हाकलायच्या आणि पोळं पिळायचं. अळ्या-अंडी सगळी त्या मधात, अन् मोहोळ कायमचं उठलं! शेजारच्या वर्ध्यात ही रीत मोडायला निघालेल्यांत लंडनला शिकलेला एक हिशेबतपासनीस होता, जे. सी. कुमारप्पा.

जन्म १८९२, तंजावर. मुंबईत कंपन्यांचे हिशेब तपासले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजी भेटले, सूट-बूट सुटला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचा कारभार कुमारप्पांकडे आला. मगनवाडीत तेलघाणी, हातकागदासोबत मधमाशीपालनही शिकवलं जाई.

पद्धत अशी : ढोलीत राहणारी सातेरी माशी लाकडी पेटीत वसवायची. (आग्या पेटीत राहत नाही, नवख्याने तिच्या वाटेला जाऊच नये.) पेटी सावलीत ठेवायची, जवळ पाणी आणि फुलोरा हवा. मध फक्त वरच्या खणातल्या चौकटींतून, यंत्रात फिरवून काढायचा. पोळं शाबूत परत जागेवर, खालचं पिल्लांचं घर तसंच. पावसाळ्यापुरता मध माश्यांनाही ठेवायचा. आणि फुलोऱ्यात भरदिवसा फवारणी झाली, तर पेटी रिकामी झालीच समजा.

१९४२ नंतरच्या तुरुंगवासात कुमारप्पांनी लिहिलेलं अर्थशास्त्राचं पुस्तक १९४५ मध्ये आलं. त्यात वाघ मारून खातो, माकड न लावलेली बाग लुटतं. मधमाशी मात्र साऱ्या पोळ्यासाठी राबते, अन् घेता घेता फूल फळवते.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते गेले.