राजकुमारी अमृत कौर

राजकुमारी अमृत कौर (२ फेब्रुवारी १८८७, लखनौ – ६ फेब्रुवारी १९६४, नवी दिल्ली) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजसुधारक, महात्मा गांधींच्या सचिव, संविधान सभेच्या सदस्या आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री होत्या. केंद्रीय मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला सदस्य होत. तरुणपणी टेनिसपटू म्हणून त्यांचा लौकिक होता. राजघराण्यातील जन्म, विलायतेतील शिक्षण आणि क्रीडांगणावरील यश हे सारे बाजूस ठेवून त्यांनी वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमाचे साधे जीवन पत्करले.

जन्म व शिक्षण

अमृत कौर यांचे वडील राजा हरनाम सिंग हे कपूरथळा संस्थानच्या राजघराण्यातील होते. गादीच्या वारशावरून वाद झाल्यावर त्यांनी कपूरथळा सोडले आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. आई प्रिसिला या जालंधर येथील बंगाली धर्मोपदेशक गोलकनाथ चटर्जी यांच्या कन्या. अमृत कौर या दांपत्याचे शेंडेफळ आणि एकुलती एक मुलगी होत्या. त्यांचे बंधू महाराज सिंग हे स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ या काळात मुंबई प्रांताचे राज्यपाल होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत.

अमृत कौर यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या शेरबोर्न येथील मुलींच्या शाळेत झाले. तेथे अभ्यासाबरोबरच त्यांना मैदानी खेळांची गोडी लागली. शिक्षण संपवून १९०८ मध्ये त्या भारतात परतल्या.

टेनिस

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील टेनिस प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या, संस्थानिकांच्या आणि सुशिक्षित उच्चवर्गाच्या क्लबांपुरते मर्यादित होते. बहुसंख्य भारतीय घरांत मुलींना मोकळेपणाने घराबाहेर पडण्याचीही मुभा नव्हती. परपुरुषांसमोर रॅकेट घेऊन धावणे ही तर फार दूरची गोष्ट. अशा काळात अमृत कौर यांनी टेनिसमध्ये प्रावीण्य मिळवले आणि अनेक स्पर्धा जिंकल्या.

त्यांचे टेनिस हौशी होते, व्यावसायिक नव्हे. त्या काळी प्रमुख स्पर्धांत केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश असे. व्यावसायिकांना तो १९६८ पासून मिळाला. पुढच्या पिढीत मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डनमध्ये सामना जिंकला. तेथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अमृत कौर यांची वाट मात्र त्याआधीच वेगळ्या दिशेने वळली होती.

सार्वजनिक जीवनाचा आरंभ

गोपाळ कृष्ण गोखले हे हरनाम सिंग यांचे स्नेही होते आणि त्यांचे या घरी येणे-जाणे असे. त्यांच्या सहवासात अमृत कौर यांना देशाच्या राजकारणाची ओळख झाली. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील कार्याविषयीही त्यांनी प्रथम गोखल्यांकडूनच ऐकले. १९१५ मध्ये गोखल्यांचे निधन झाले. १९१९ मध्ये मुंबईत अमृत कौर यांची गांधीजींशी भेट झाली. त्याच वर्षी जालियनवाला बाग हत्याकांड घडले आणि ब्रिटिश सत्तेविषयीचे त्यांचे मत पालटले. आई-वडिलांची जबाबदारी असल्यामुळे त्यांना लगेच आश्रमात जाता आले नाही. त्या काळात त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम केले.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. या संघटनेच्या संस्थापकांत अमृत कौर यांचा समावेश होतो. पुढे त्या परिषदेच्या चिटणीस आणि अध्यक्षाही झाल्या. बालविवाह, पडदा आणि देवदासी या प्रथांविरुद्ध त्यांनी सातत्याने प्रचार केला. स्त्रियांना मताधिकार मिळावा, पण राखीव जागा नसाव्यात, अशी त्यांची भूमिका होती. राखीव जागांमुळे स्त्रिया समान नागरिक न राहता एक वेगळा गट ठरतील, असे त्यांना वाटे. या भूमिकेशी सर्व कार्यकर्त्या सहमत नव्हत्या.

सेवाग्राम

१९३० मध्ये वडिलांचे निधन झाले. १९३४ पासून अमृत कौर गांधीजींच्या कार्याशी पूर्णपणे जोडल्या गेल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळील सेगाव येथे राहण्यास आले. तेथील जमीन जमनालाल बजाज यांची होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्य असल्यामुळे टपालात घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले.

माती, बांबू आणि कौलांच्या झोपड्या, प्रार्थना, सूतकताई आणि स्वतःची कामे स्वतः करण्याचा नियम हे येथील जीवन होते. नोकरचाकरांनी भरलेल्या वाड्यात वाढलेल्या अमृत कौर यांना हा बदल सोपा नव्हता. त्यांनी खादी स्वीकारली आणि गांधीजींच्या पत्रव्यवहाराचा, विशेषतः इंग्रजी पत्रांचा, मोठा भार उचलला. त्या शिमल्याला असत तेव्हा गांधीजी त्यांना सेवाग्रामहून नियमित पत्रे लिहीत. ही पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

आश्रमात ग्रामसफाई, आहार आणि निसर्गोपचार यांना राजकारणाइतकेच महत्त्व होते. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्री यांना आश्रमात आश्रय मिळाला आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. रोग्याला दूर लोटायचे नाही आणि आरोग्याची सुरुवात गावापासून करायची, हा सेवाग्रामचा धडा अमृत कौर यांच्या पुढील कामात दिसतो.

१९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात त्यांनी शिमल्यात मिरवणुकांचे नेतृत्व केले. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी झेलल्या आणि त्यांना अटक झाली. अंबाला तुरुंगातील वास्तव्यानंतर त्यांना शिमल्यातील घरी स्थानबद्ध करण्यात आले. त्यांच्या याच 'मॅनॉरव्हिल' या घरी १९४५ च्या शिमला परिषदेच्या वेळी गांधीजींचा मुक्काम होता.

संविधान सभा

संविधान सभेवर अमृत कौर मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतातून निवडून गेल्या. वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. मूलभूत हक्क व अल्पसंख्याक या विषयांच्या उपसमित्यांवर त्यांनी काम केले. धर्माचरणाच्या अमर्याद स्वातंत्र्याचा आधार घेऊन देवदासी, पडदा यांसारख्या प्रथा कायद्यापासून बचावतील, असा इशारा त्यांनी आणि हंसा मेहता यांनी दिला. समाजसुधारणेचे कायदे करण्याचा राज्याचा अधिकार पुढे संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये नोंदवला गेला. समान नागरी कायद्याचाही त्या दोघींनी आग्रह धरला होता.

आरोग्यमंत्री

१५ ऑगस्ट १९४७ पासून १९५७ पर्यंत त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या हिमाचलमधील मंडी-महासू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. क्षयरोगाविरुद्ध बीसीजी लसीची मोहीम, १९५३ पासूनचा राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आणि परिचारिकांचे प्रशिक्षण ही त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाची कामे होत. १९५० मध्ये जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई व्यक्ती होत्या.

फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विधेयक लोकसभेत मांडले. संस्थेसाठी त्यांनी परदेशांतून मदत मिळवली. त्यात न्यूझीलंडचा वाटा मोठा होता. आपले 'मॅनॉरव्हिल' हे घरही त्यांनी या संस्थेला दिले.

त्यांच्या काही धोरणांवर टीकाही झाली. गांधीजींप्रमाणे त्यांचाही कृत्रिम संततिनियमनाला विरोध होता. त्यामुळे कुटुंबनियोजनाच्या सुरुवातीच्या काळात सरकारने सुरक्षित दिवसांच्या पद्धतीवर भर दिला. ही पद्धत फारशी परिणामकारक ठरली नाही.

क्रीडाक्षेत्राशी नाते

मंत्रिपदावर असतानाही त्यांनी खेळाकडे पाठ फिरवली नाही. १९५३ मध्ये सुरू झालेली खेळाडूंच्या प्रशिक्षणाची योजना त्यांच्या नावावरून 'राजकुमारी प्रशिक्षण योजना' म्हणून ओळखली गेली. तिच्याद्वारे विविध खेळांतील तज्ज्ञ प्रशिक्षकांचे मार्गदर्शन तरुणांना मिळू लागले. पुढे हे काम पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेकडे गेले. त्यांच्या तरुणपणी क्लबच्या मोजक्या सभासदांनाच मिळणारे प्रशिक्षण आता सरकारी योजनेतून सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत जाण्याचा मार्ग खुला झाला.

अखेरचा काळ व वारसा

१९५७ पासून मृत्यूपर्यंत अमृत कौर राज्यसभेच्या सदस्य होत्या. भारतीय रेडक्रॉस आणि क्षयरोग निवारणाच्या कार्याशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. त्या अविवाहित होत्या. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या ख्रिस्ती असल्या तरी त्यांच्यावर शीख पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले.

दिल्लीतील परिचर्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. २०२० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने गेल्या शतकातील प्रत्येक वर्षासाठी एका स्त्रीची निवड केली, तेव्हा १९४७ या वर्षासाठी अमृत कौर यांचे नाव निवडले गेले. त्यांच्या निधनाच्या वेळी केंद्रीय आरोग्यमंत्री असलेल्या डॉ. सुशीला नायर याही सेवाग्राम आश्रमातच घडलेल्या होत्या. १९६९ मध्ये डॉ. नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. त्यामुळे ज्या गावातून अमृत कौर राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे वळल्या, त्याच गावात ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणारे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.