तक्ते मांडणारी नाइटिंगेल

फर्दापूरचा रुग्ण जळगावला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवला, की त्याच्याबरोबर पिशवीभर कागद निघतात. तिकडे पुन्हा नवा केसपेपर, बऱ्याचदा पुन्हा त्याच तपासण्या. एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी वाचता यायची, तर दोघांचे रकाने आणि रोगांची नावे एक हवीत. या खटाटोपात फार लवकर पडलेली व्यक्ती आपल्याला हातातल्या दिव्यामुळे ठाऊक आहे : फ्लोरेन्स नाइटिंगेल.

त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लोरेन्सचा. घर श्रीमंत इंग्रजांचे. गणिताची ओढ होती, आणि घरच्यांचा विरोध पत्करून त्या शुश्रूषेकडे वळल्या. १८५४ च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा रोगांनी जास्त माणसे मरत होती. नेमकी किती, हे सांगणे अवघड. मृत्यूच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी होत्या आणि आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांना सोबत घेऊन त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच तक्ता आखला. वर्षारंभी रुग्ण किती, नवे दाखल किती, बरे किती, दगावले किती, सरासरी किती दिवस राहिले. रोगाचे नाव ठरलेल्या यादीतूनच. १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने तो उचलून धरला. काही रुग्णालयांनी भरलाही. पण रकाने फार, भरण्याचा खर्च वेगळा. योजना मागे पडली. या चरित्रातला मला सर्वांत आजचा वाटणारा भाग हाच.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या लष्करी आरोग्याच्या शाही आयोगासाठी त्यांनी छावणी-छावणीला एकच छापील प्रश्नावली धाडली : पाणी कुठले, सांडपाणी कुठे जाते, बराकीत माणसे किती. प्रश्न सारखे, म्हणून उत्तरे शेजारी ठेवून ताडता आली. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे मृत्यू हजारी ६९ निघाले. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

फार यांच्या वर्गवारीचा धागा १८९३ च्या बर्टिलाँ यादीत आणि तिथून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आला. आपल्या ‘आभा’ क्रमांकाच्या व्यवस्थेत आज ‘फायर’ हे मानक वापरतात : औषध, तपासणी, निदान यांचे ठरलेले रकाने, कोणत्याही दवाखान्याच्या संगणकाला कळतील असे.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, नाइटिंगेल लंडनमध्ये वारल्या. त्यांच्या तक्त्यातला ‘किती दिवस राहिले’ हा हिशेब आपल्या डिस्चार्ज कार्डावरच्या दोन तारखांत अजून आहे.