आयाने थाप मारली होती, पण पियाजेंना किडनॅपिंगचा तो सीन लख्ख आठवत राहिला

पॅरिसमधला शाँझेलिझे रस्ता. साल साधारण 1898. दोन वर्षांचं एक पोर बाबागाडीत बसलंय आणि आया गाडी ढकलतेय. अचानक एक माणूस येतो आणि पोराला उचलायला बघतो. पण बाबागाडीचा पट्टा बांधलेला असतो, त्यामुळे पोर काही निघत नाही. आया मध्ये पडते. झटापटीत तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात. गर्दी जमते. आखूड झगा घातलेला, हातात पांढरा दंडुका घेतलेला एक पोलीस धावत येतो आणि तो माणूस पळ काढतो.

त्या पोराला हे सगळं मोठेपणीही डोळ्यांसमोर दिसायचं. पोलिसाचा झगा, दंडुका, अगदी आयाच्या तोंडावरचे ओरखडेसुद्धा. आयाने जीव धोक्यात घातला म्हणून आईवडिलांनी तिला एक घड्याळ बक्षीस दिलं होतं.

पोर पंधरा वर्षांचं झालं आणि घरी एक पत्र आलं. पत्र त्याच जुन्या आयाचं. ती आता साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेत गेली होती आणि तिला जुन्या पापांची कबुली द्यायची होती. किडनॅपिंगची ती गोष्ट तिने रचली होती. ओरखडे तिचे तिनेच काढले होते. बक्षिसाचं घड्याळही तिला परत करायचं होतं.

आता मुद्दा असा की जे घडलंच नाही, ते त्या पोराला आठवत कसं होतं?

त्या पोराचं नाव ज्यां पियाजे. डीएड, बीएड किंवा टीईटीचा अभ्यास केलेल्यांनी हे नाव 'जीन पियाजे' असं पाठ केलेलं असतं. मुलांच्या विकासाचे चार टप्पे, दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. पण हा माणूस त्या चार टप्प्यांपेक्षा बराच मोठा आहे.

ज्यांचा जन्म 9 ऑगस्ट 1896 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल गावातला. वडील आर्थर मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक. आई रेबेका हुशार, पण तिचं मन अस्थिर असायचं आणि त्याचा ताण घरावर यायचा. पोरगा लवकरच कल्पनेच्या खेळांपासून लांब गेला आणि वडिलांसारखा पुरावे आणि नोंदींमध्ये रमला.

वयाच्या दहाव्या वर्षी त्याला बागेत एक पांढरी चिमणी दिसली. त्याने त्यावर एक पानाची नोंद लिहिली आणि ती गावातल्या निसर्गविषयक मासिकात छापून आली. मग त्याने गावच्या म्युझियमचे संचालक पॉल गोदे यांना पत्र लिहिलं. म्युझियम बंद झाल्यावर तिथला संग्रह बघू द्याल का, असं विचारलं. गोदे गोगलगायी आणि शिंपल्यांचे जाणकार. त्यांनी पोराला हाताखाली घेतलं. 1911 मध्ये गोदे वारले तोवर पोरगा इतका तयार झाला होता की त्याचे शिंपल्यांवरचे लेख परदेशातले तज्ज्ञ वाचायला लागले. जिनिव्हाच्या म्युझियममधून नोकरीचं बोलावणं आलं, ते नाकारावं लागलं. कारण साहेबांची शाळाच संपली नव्हती.

1918 मध्ये डॉक्टरेटही गोगलगायींच्याच कुळावर. पण डोक्यात प्रश्न वेगळाच होता. माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नक्की काय होतं?

उत्तराचा धागा पॅरिसमध्ये सापडला. बुद्धिमत्ता चाचणीचे जनक आल्फ्रेड बिने यांचे सहकारी तेओडोर सिमों यांनी पियाजेंना एक कंटाळवाणं काम दिलं. इंग्लंडच्या सिरिल बर्ट यांच्या चाचण्या पॅरिसच्या मुलांना द्यायच्या आणि बरोबर उत्तरं मोजायची. त्यात एक प्रश्न असा होता: एडिथचे केस सुझानपेक्षा उजळ आहेत, पण लिलीपेक्षा गडद आहेत, तर सगळ्यात गडद केस कोणाचे? उत्तर सुझान. पण लहान मुलं बिनधास्त लिली सांगायची. एडिथ आणि सुझान दोघी उजळ, एडिथ आणि लिली दोघी गडद, म्हणून लिली सगळ्यात गडद, असा त्यांचा हिशोब.

दुसऱ्या कोणी फुली मारून पुढचा पेपर घेतला असता. पियाजेंना मात्र बरोबर उत्तरांपेक्षा चुकांमध्येच जास्त रस वाटायला लागला. एका वयाची मुलं एकाच पद्धतीने चुकतात, म्हणजे मुलांचं डोकं कमी चालत नाही, वेगळं चालतं. आज हे आपल्याला सोपं वाटतं. 1920 च्या आसपास ते तसं नव्हतं.

1921 मध्ये जिनिव्हाच्या रुसो इन्स्टिट्यूटने त्यांना बोलावलं. त्याच वर्षी त्यांनी सबिना श्पीलराईन या मनोविश्लेषक बाईंकडून आठ महिने रोज स्वतःचं विश्लेषण करून घेतलं. (याच श्पीलराईन यांना 1942 मध्ये रशियातल्या रोस्तोव्हमध्ये नाझींनी मारलं.) 1923 मध्ये व्हॅलेंटाईन शातने यांच्याशी लग्न झालं. पुढे जॅकलिन, ल्यूसिएन आणि लॉरां ही तीन मुलं झाली. नवराबायकोने मिळून या तिघांच्या बाळपणाच्या इतक्या बारीक नोंदी ठेवल्या की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही मुलं नातेवाईकांसारखी ओळखीची आहेत.

आता येऊ गोट्यांकडे.

मुलांना बरं-वाईट कधी आणि कसं कळतं, हे पियाजेंना शोधायचं होतं. त्यासाठी ते न्यूशाटेल आणि जिनिव्हाच्या पोरांसोबत गोट्या खेळले. लहानपणी खूप खेळायचो पण आता नियम विसरलोय, असं ते सांगायचे आणि पोरांनाच शिकवायला लावायचे. मग हळूच प्रश्न. हा नियम केला कोणी? तुला नवा नियम करता येईल का? तो चालेल का?

लहान मुलांची उत्तरं भारी होती. नियम वडिलांनी केले, देवाने केले, गावच्या मोठ्या माणसांनी केले, त्यात बदल चालणार नाही. गंमत म्हणजे हीच मुलं खेळताना सर्रास मनाला येईल तसं खेळायची. दहाबारा वर्षांची मुलं उलट म्हणायची की सगळ्यांनी मान्य केलं तर नियम बदलता येतो, आणि एकदा ठरला की तो काटेकोर पाळायची. कच्चा लिंबू कोण आणि त्याला किती सूट, यावर आपल्याकडे मैदानात होणारी भांडणं ज्यांनी केलीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग गोष्टी. एका मुलाने जेवायला जाताना दार ढकललं, दारामागे कप ठेवलेले असल्याचं त्याला माहीत नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आई नसताना चोरून जॅम काढायला गेला आणि त्याच्या हातून एकच कप फुटला. जास्त वाईट कोण? लहानांचं उत्तर पंधरा कपवाला. मोठी मुलं हेतू बघायची. खोटं बोलण्याचंही तसंच. गायीएवढा कुत्रा पाहिला असं सांगणारा मुलगा लहानांना जास्त खोटारडा वाटायचा, आणि चांगले मार्क मिळाले असं खोटं सांगणारा कमी. कारण गायीएवढा कुत्रा असूच शकत नाही, मार्क मात्र मिळू शकतात.

1932 मध्ये हे सगळं मुलांच्या नैतिक निर्णयावरच्या पुस्तकात आलं. त्यातला खरा खटका उडाला तो एका दाव्याने. मुलं न्याय शिकतात ती मोठ्यांच्या उपदेशातून कमी, आणि बरोबरीच्या सवंगड्यांशी भांडून, तडजोड करून जास्त, असं पियाजेंचं म्हणणं होतं. समाजाचा धाक आणि शिस्त यातून नीती येते, असं सांगणाऱ्या एमिल दुर्खीम यांच्या मताला हे सरळ छेद देणारं होतं. तेही युरोपात हुकूमशहांचे दिवस येत असताना.

पियाजेंचं सगळंच टिकलं असं नाही. कपांच्या गोष्टीत हेतू आणि नुकसान एकत्र गुंफलेले होते. नंतरच्या संशोधकांनी ते वेगळे करून विचारलं, तर लहान मुलांनाही हेतू बऱ्यापैकी कळतो असं दिसलं. अभ्यासाचा भर मुलग्यांच्या खेळावर होता, मुलींचे खेळ थोडक्यात उरकले होते. 1982 मध्ये कॅरल गिलिगन यांनी यावरून नीट खडसावलं, आणि ते रास्तच होतं. पण वाद घालायलाही आधी हेच पुस्तक उघडावं लागतं. लॉरेन्स कोहलबर्ग यांचा नैतिक विकासाचा सिद्धांतही याच्यावरच उभा आहे.

आठवणींचा विषय त्यांनी पुन्हा हातात घेतला तो सत्तरी गाठल्यावर. 1968 मध्ये बेर्बेल इन्हेल्डर यांच्यासोबत त्यांनी स्मृती आणि बुद्धी यांच्यावर पुस्तक काढलं. त्यातला प्रयोग अगदी साधा. मुलांना लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावलेल्या काड्या दाखवायच्या आणि आठवड्याने आठवून चित्र काढायला सांगायचं. चार वर्षांची मुलं सगळ्या काड्या सारख्याच काढायची, किंवा काही मोठ्या आणि काही छोट्या. मग सहा-आठ महिन्यांनी, काड्या पुन्हा न दाखवता, तेच चित्र काढायला लावलं. आठवण पुसट व्हायला हवी होती. बऱ्याच मुलांचं चित्र आधीपेक्षा चांगलं आलं!

पियाजेंनी अर्थ लावला की मधल्या काळात मुलांची समज वाढली आणि तिने आठवणीलाच दुरुस्त करून टाकलं. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल इतके ठाम आले नाहीत. पण आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही, हे त्यांना काड्यांच्या कितीतरी आधी माहीत होतं. घरातूनच.

आयाचा किस्सा त्यांनी 1945 च्या पुस्तकात एका तळटीपेत सांगितला आहे. त्यांचा खुलासा असा की आईवडिलांचा त्या गोष्टीवर विश्वास होता, लहानपणी त्यांच्या तोंडून ती ऐकली असणार आणि त्यातून मनाने चित्र तयार केलं. खोट्या आठवणींवर लिहिणारे आजही हा किस्सा देतात.

16 सप्टेंबर 1980 ला, वयाच्या 84 व्या वर्षी, पियाजे जिनिव्हात वारले. ती तळटीप लिहिताना ते पन्नाशीला टेकले होते. आयाचं पत्र येऊन तीसेक वर्षं झाली होती, सगळी थाप आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी डोळ्यांसमोर तो रस्ता, ती गर्दी आणि पांढरा दंडुका घेतलेला तो पोलीस अजून स्पष्ट दिसतो, असं त्यांनी त्यात नोंदवून ठेवलंय.