जॉर्ज स्टीफन्सन आणि रेनहिलची शर्यत

हल्लीं विद्याल्याविद्यालयांतून मुलें आपोआप चालणारीं यंत्रें बनवून त्यांच्या स्पर्धा लावितात, आणि पालकमंडळी कौतुकानें पहावयास येतात. ही रीत अगदीं नवी आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. परंतु यंत्रांची एक फार गाजलेली स्पर्धा सन १८२९ मध्यें इंग्लंडांत झाली. आणि तींत ज्याचा पक्ष विजयी झाला, त्यास अठराव्या वर्षापर्यंत लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें सादर करितों.

जॉर्ज स्टीफन्सन हा ९ जून १७८१ रोजीं न्यूकॅसल शहरानजीकच्या वायलम खेड्यांत जन्मला. बाप कोळशाच्या खाणींतील पाणी उपसणाऱ्या एंजिनावर आगवाला होता. घरांत मुलें सहा, मिळकत तुटपुंजी. मुलांस शाळेंत घालण्याची ऐपत कोठून असणार? जॉर्ज गुरें राखी, आणि फावल्या वेळीं चिखलाचीं एंजिनें करीत बसे, असें सांगतात. पुढें तोहि खाणींत लागला व सतराव्या वर्षीं एंजिनचालक झाला. एंजिन उलगडून पुनः जोडण्याचा त्यास मोठा नाद. मात्र थोर यंत्रांचीं वर्णनें पुस्तकांत असतात आणि तीं आपणांस वाचतां येत नाहींत, हें शल्य त्यास स्वस्थ बसूं देईना. तेव्हां हा थोराड मुलगा पदरची फी भरून रात्रशाळेंत मुळाक्षरें गिरवूं लागला.

सन १८०३ मध्यें त्यास रॉबर्ट हा पुत्र झाला. तीन वर्षांनीं पत्नी फॅनी क्षयानें वारली. पुढें बापहि अपघातानें आंधळा झाला. जॉर्ज दिवसा खाणींत राबे आणि रात्रीं जोडे सांधून व घड्याळें दुरुस्त करून चार पैसे गांठीं मारी. मुलानें आपल्यासारखें अडाणी राहूं नये, हाच त्याला ध्यास. रॉबर्ट गाढवावर बसून न्यूकॅसलच्या शाळेंत जाई, तेथील विद्वत्सभेच्या ग्रंथालयांतून पुस्तकें आणी आणि संध्याकाळीं बापास वाचून दाखवी. जीं घरीं नेण्यास मनाई असे, त्यांतील आकृत्या उतरून आणी. सन १८१६ मध्यें बापलेकांनीं गणित करून एक छायायंत्र घडविलें व किलिंगवर्थ येथील घराच्या दारावर बसविलें. सबंध चरित्रांत आम्हांस हाच भाग अधिक मोलाचा वाटतो. मुलाच्या शिक्षणावर खर्च करणारे बाप पुष्कळ आढळतात. मुलाजवळ बसून शिकणारा विरळा.

सन १८१४ मध्यें जॉर्जनें आपलें पहिलें धांवतें एंजिन तयार केलें, आणि १८२५ मध्यें स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्ग खुला करून नांव मिळविलें. परंतु त्याच वर्षीं लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाच्या बिलावर साक्ष देतांना पार्लमेंटच्या समितीपुढें त्याची पुरती फजिती झाली. वकिलांनीं त्याच्या गांवढळ बोलीची टर उडविली, मोजणींतील चुका बाहेर काढिल्या, आणि बिल बारगळलें. चुका खऱ्याच होत्या, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढील वर्षीं बिल मंजूर झालें, मार्गहि तयार होत आला; तरी गाड्या ओढाव्या कशानें हा वाद मिटेना. ठिकठिकाणीं स्थिर एंजिनें बसवून दोरांनीं गाड्या ओढाव्या, असें नामांकित एंजिनियरांनीं लिहून दिलें. स्टीफन्सनचा सारा जन्म धांवत्या एंजिनावर पणास लागलेला! शेवटीं संचालकांनीं स्पर्धाच जाहीर केली. बक्षीस ५०० पौंड. एंजिन सहा टनांहून जड नसावें, त्यानें वजनाच्या तिप्पट ओझें ताशीं १० मैल वेगानें ओढावें, आपला धूर आपणच जाळावा, आणि किंमत ५५० पौंडांवर जाऊं नये, अशा अटी होत्या.

रॉबर्ट आतां पंचविशींतला एंजिनियर झाला होता. त्याच्या देखरेखीखालीं न्यूकॅसलच्या कारखान्यांत ‘रॉकेट’ तयार झालें. पूर्वीच्या एंजिनांच्या बाष्पपात्रांतून आगीची एकच रुंद नळी जात असे. त्यामुळें पाण्यास उष्णता थोडी लागे. कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांच्या सूचनेवरून ‘रॉकेट’मध्यें तांब्याच्या २५ बारीक नळ्या घातल्या. शिवाय वापरलेली वाफ धुराड्यांत वर सोडली. तिच्या झोतानें हवा ओढली जाऊन आग फुले. एंजिन जितकें जोरांत चाले, तितकी आग अधिक भडके. ही युक्ति विद्यार्थ्यांनीं कागदावर आकृति काढून समजून घ्यावी.

६ ऑक्टोबर १८२९ रोजीं रेनहिल येथें हजारों लोक लोटले. पांच यंत्रें आलीं. त्यांतील एकाच्या पोटांत चक्क घोडा चालत होता. लोकांचें मन जिंकलें तें एरिक्सन व ब्रेथवेट यांच्या हलक्या, देखण्या ‘नॉव्हेल्टी’नें, तिचा वेग पाहून टोप्या उडाल्या असतील. पण ओझें लावतांच तिच्या नळ्या दगा देऊं लागल्या. हॅकवर्थचें ‘सां पारेय’ वजनांत जास्त भरलें, आणि पुढें बिघडून बंद पडलें. ‘रॉकेट’ तेवढें दीड-पावणेदोन मैलांच्या पट्ट्यावर येरझारा घालीत ७० मैल चाललें, ताशीं सुमारें १२ मैल ओझ्यासह. रिकामें सोडलें तेव्हां वेग तिशीच्या घरांत गेला. दोरांचा प्रश्न तेथेंच मिटला.

१५ सप्टेंबर १८३० रोजीं मार्ग खुला झाला, पण त्याच दिवशीं हस्किसन नांवाचे पार्लमेंटचे सभासद ह्याच ‘रॉकेट’खालीं सांपडून मरण पावले. जॉर्जनें पुढें अनेक लोहमार्ग बांधिले, यांत्रिक एंजिनियरांच्या संस्थेचें पहिलें अध्यक्षपद १८४७ मध्यें स्वीकारिलें, आणि उतारवयांत कामकरी तरुणांच्या संस्थांतून जाऊन तो आपली हकीकत त्यांस सांगत असे. १२ ऑगस्ट १८४८ रोजीं चेस्टरफील्ड येथें त्याचें देहावसान झालें.

त्यानंतर पांच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. त्या कंपनीचा सल्लागार एंजिनियर रॉबर्ट होता, आणि मुंबईंत येऊन मार्ग बांधणारा जेम्स बर्कले हा त्याचाच शिष्य. गाडीस जोडलेल्या तीनहि एंजिनांच्या बाष्पपात्रांत बारीक नळ्यांचीच योजना होती.