तुकड्याचा निकाल

मेकॅनिकलच्या पोराने कॅन्सरवर लिहिलंय म्हणून लगेच पान उलटू नका. सुरुवात आपल्या मेटलर्जीच्या लॅबपासूनच आहे.

सेकंड इयरला स्टीलचा तुकडा एमरी पेपरवर घासून घासून आपल्या सगळ्यांचीच बोटं दुखलीत. तुकडा आरशासारखा चकाकला तरी मायक्रोस्कोपखाली फारसं काही दिसत नाही. मग नायटल लावायचं, की फेराइट, पर्लाइट असे एकेक वेगळे उठून दिसतात. ओरलला सरांनी मला एवढंच विचारलं की हा तुकडा शाफ्टच्या वरच्या थरातला की गाभ्यातला? मी गप्प. केस हार्डनिंग केलेल्या शाफ्टचा वरचा थर वेगळा आणि आतला माल वेगळा, हे पाठ होतं, पण तुकडा कुठून कापला हे जर्नलमध्ये लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

त्याच वर्षी माझ्या मामाच्या गालाच्या आत पांढरट, चामखिळीसारखं काहीतरी वाढलं. मामा वीस वर्षं तंबाखू-चुना मळणारा. तालुक्याला तपासणी झाली, एक बारीक तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. मामाने पेढे वाटले. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा रिपोर्ट सहज हातात घेतला. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, तुकडा फक्त वरच्या थरातला आहे, शंका असल्यास खोलवरचा तुकडा पाठवावा. ती ओळ घरात कोणी वाचलेली नव्हती. मीही वाचली आणि रिपोर्ट परत फाईलीत ठेवला. पुढचं नंतर सांगतो.

हे सगळं झाल्यावर मी लायब्ररीत पॅथॉलॉजीबद्दल जे सापडेल ते वाचत सुटलो आणि रुडॉल्फ फिरखो भेटला. अकरावीच्या बायोलॉजीत आपण ज्याला ‘विरचो’ म्हणून पाठ केलं, पेशी पेशीपासूनच तयार होते असं सांगणारा, तोच हा. पुस्तकातल्या एका ओळीत मावणारा माणूस नव्हता.

जन्म १३ ऑक्टोबर १८२१, पोमेरेनियातल्या शिफेलबाइन गावचा. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताची, म्हणून लष्करी वैद्यकाच्या शिष्यवृत्तीवर बर्लिनला शिकला. शॅरिटे हॉस्पिटलात शवविच्छेदनाचं काम करता करता १८४५ मध्ये रक्ताच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं आणि पुढे त्याला ल्युकेमिया हे नाव दिलं. १८४८ मध्ये सरकारने अप्पर सायलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. पठ्ठ्याने औषधांची यादी देण्याऐवजी लोकांना शिक्षण द्या, रस्ते द्या, स्वतःचा कारभार स्वतः करू द्या असा अहवाल दिला! शिवाय त्याच वर्षी बर्लिनच्या क्रांतीत रस्त्यावरही उतरला. बर्लिन सोडावं लागलं. मग व्यूर्ट्सबुर्गला सात वर्षं काढली आणि १८५६ मध्ये बर्लिनने त्याला मानाने परत बोलावलं. १८५८ मध्ये पेशी-विकृतिशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ आला. रोग अख्ख्या शरीरात कुठेतरी तरंगत नसतो, तो पेशींत असतो, हे त्याने लोकांच्या गळी उतरवलं.

सिव्हिलवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. बर्लिनची ड्रेनेज लाइन इंजिनिअर जेम्स होब्रेख्टने आखली, पण नगरपालिकेत तिच्यासाठी भांडला तो हा डॉक्टर.

आता रंगाकडे येतो. फिरखोच्या तरुणपणी उतीचे काप वस्तऱ्याने हाताने काढायचे आणि बरेचदा बिनरंगाचेच बघायचे. म्हणजे आपलं नायटलशिवायचं स्टील. १८५८ मध्ये गेरलाखने कार्माइन हा किड्यांपासून मिळणारा लाल रंग वापरून केंद्रकं उठून दाखवली. मग लॉगवूड नावाच्या मध्य अमेरिकेतल्या झाडाचा अर्क आला, हिमॅटॉक्सिलिन. तो नुसता नीट धरत नव्हता. १८६५ मध्ये ब्योमरने त्यात तुरटी घातली. आपल्याकडचे रंगारी कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी घालतात, अगदी तेच. तुरटीतलं अॅल्युमिनियम रंगाशी जोडी जमवतं, ती जोडी धन भाराची, ती केंद्रकातल्या ऋण भाराच्या डीएनएला चिकटते आणि केंद्रक निळं-जांभळं दिसतं. इओसिन उलट्या भाराचं, ते बाकीच्या प्रथिनांना धरून गुलाबी करतं. १८७६ पासूनची ही जोडी आजही जगभर रोज वापरली जाते. पण रंग कितीही चांगला असला तरी जो भाग स्लाइडवर आलाच नाही, त्याला तो कसा लागणार?

१८८७ मध्ये हाच प्रश्न फिरखोच्या टेबलावर आला. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, पाइपचा शौकीन, जानेवारीपासून त्याचा आवाज बसलेला. गेरहार्ट या प्रोफेसरने स्वरतंतूवरची गाठ तापलेल्या तारेने जाळून बघितली, ती परत वाढली. मे महिन्यात फॉन बेर्गमान हा सर्जन बाहेरून घसा उघडून ती काढायच्या तयारीत होता. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेन्झीला बोलावलं. तो म्हणाला, आधी तुकडा तपासा. त्याने घशातून चिमट्याने बारीक तुकडे काढले आणि ते फिरखोकडे गेले.

फिरखोला त्यात कॅन्सर दिसला नाही. वरचा थर जाड झालेला, चामखिळीसारखा, बस्स. मे-जूनमध्ये पुन्हा पुन्हा तुकडे गेले, निकाल तोच. पण त्याने अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की हे मत हाती आलेल्या तुकड्यांपुरतं आहे, सगळ्या आजाराला ते लागू पडेल की नाही हे त्यावरून सांगता येणार नाही. ही ओळ कोणाला हवी होती? ऑपरेशन रद्द झालं. सप्टेंबरमध्ये मॅकेन्झीला राणी व्हिक्टोरियाने ‘सर’ केलं. युवराज तिचा जावई.

नोव्हेंबरमध्ये सान रेमोला कॅन्सर नक्की झाला. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं. ९ मार्चला म्हातारे सम्राट वारले आणि मुका फ्रेडरिक गादीवर बसला. ९९ दिवस. १५ जूनला गेला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन करायला फिरखोच होता, सोबत वाल्डायर. कॅन्सरच निघाला. जर्मन आणि इंग्लिश डॉक्टर मग वर्षभर एकमेकांवर पुस्तिका काढत बसले.

फिरखो चुकला का? मी त्याच्या बाजूचा आहे, पण पूर्ण नाही. तो काही देव नव्हता. निअँडरथलच्या कवटीला त्याने आजारी माणसाची कवटी ठरवलं होतं. शिवाय फ्रेडरिक उदार विचारांचा आणि फिरखो संसदेत बिस्मार्कचा विरोधक, म्हणजे या राजाकडून त्याच्या गटाला मोठी आशा. तरीही त्याने तुकड्यापलीकडे एक शब्द जास्त लिहिला नाही, हे मला मोठं वाटतं. खटकतं ते एवढंच, की आपला निकाल कसा वाचला जातोय हे दिसत असताना त्याने आणखी मोठ्याने सांगायला हवं होतं.

१९४८ मध्ये अमेरिकेत लॉरेन अॅकरमनने एका विरळ कॅन्सरचं वर्णन केलं, व्हेरुकस कार्सिनोमा. वरून चामखीळ, पेशी जवळपास शहाण्यासुरत्या, केंद्रकं नीटनेटकी. खोडी असते ती तळाशी. तिथे तो रुंद बोटांसारखा खालची उती ढकलत जातो. वरवरचा तुकडा कितीही रंगवा, निकाल ‘कॅन्सर नाही’ असाच येऊ शकतो. फ्रेडरिकची गाठ या जातीची असावी असा अंदाज पुढे काही तज्ज्ञांनी मांडला. अॅकरमनचे रुग्ण तोंडाचे होते, त्यात तंबाखू चघळणारे बरेच.

मामाचा दुसरा तुकडा चार महिन्यांनी घेतला, यावेळी तळापर्यंतचा. व्हेरुकस कार्सिनोमा. ऑपरेशनमध्ये गालाचा मोठा भाग आणि काही दात गेले. मामा आहे. तोंड दोन बोटंच उघडतं, भाकरी दुधात कुस्करून खातो आणि मी घरी गेलो की अजून माझ्या मार्कांवरून ओरडतो, ते निम्मंच कळतं. फाईलीतला पहिला रिपोर्ट त्याने फाडू दिला नाही. मी त्या शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आहे.

फिरखो म्हातारपणीही थांबला नाही. १८९९ मध्ये शॅरिटेत त्याचं संग्रहालय सुरू झालं, वीस हजारांवर नमुने. जानेवारी १९०२ मध्ये ऐंशीव्या वर्षी त्याने चालत्या ट्राममधून उडी मारली, मांडीचं हाड मोडलं आणि त्यातून तो सावरला नाही. ५ सप्टेंबर १९०२ ला बर्लिनमध्येच गेला.